शेवटचं प्यादं न मारणारे आप्पा

बुधवारी सकाळी सात वाजता मनीषाचा फोन आला. माझी मुलगी तेव्हा भुसावळला रेल्वेच्या ट्रेनिंगला होती आणि एवढ्या सकाळी ती कधी फोन करत नाही, म्हणून घाईनं उचलला. "अण्णा, आप्पा गेले," ती म्हणाली. आप्पा म्हणजे तिचे सासरे, माझे व्याही, न्हावऱ्याचे सोपान आप्पा. गोठ्यात धार काढायला बसले होते, तिथंच कलंडले. गाडी आणेपर्यंत सगळं संपलं होतं. ती हे सांगत असताना मी मध्येच विचारलं, "छातीतच ना?" ती नुसतं "हो" म्हणाली आणि फोन ठेवला. तेव्हा मला उमगलं, मी काय बोलून बसलो ते. आप्पांच्या छातीत काही दुखणं आहे हे त्यांच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. ना बायकोला, ना मुलाला, ना सुनेला. ठाऊक होतं ते फक्त मला.

आज दीड महिना झाला. माणूस गेल्यावर त्याच्याबद्दल चांगलं लिहायची रीत आहे आणि आप्पांबद्दल चांगलं लिहिण्यासारखं पुष्कळ आहे. पण त्यांच्याबरोबर मला माझंही लिहावं लागणार आहे, नाहीतर हे लिहिण्याला अर्थ नाही. मी मालगाडीचा ड्रायव्हर. चौतीस वर्षं दौंडहून गाड्या नेल्या-आणल्या, आता निवृत्त आहे. बायकोला जाऊन सहा वर्षं झाली. स्वभावानं मी तापट आहे, हे दौंडात कुणालाही विचारा, पत्ता विचारायच्या आधी हेच सांगतील.

आप्पांचं आणि माझं सुरुवातीला मुळीच जमत नव्हतं. मनीषाचं लग्न मुलाच्या दारी, न्हावऱ्याला होतं. आमची वऱ्हाडाची गाडी चौफुल्याजवळ पंक्चर झाली आणि मुहूर्त टळला. आम्ही धावतपळत पोचलो तर आप्पा मांडवाच्या तोंडाशी उभे. चारचौघांत म्हणाले, "पाव्हणं रेल्वेचं हायेत. येळंवर आलं असतं तर आमालाच संशय आला असता." अख्खा मांडव हसला. मी नाही हसलो. मुलीचा बाप, उत्तर द्यायची सोय नाही, नाकाला मिरच्या झोंबल्या तरी हात जोडून उभा राहिलो. पण मनात ते धरून ठेवलं. पुढची दोन वर्षं मी न्हावऱ्याला गेलो की विहिरीचं पाणी, उसाची उंची आणि हवा एवढ्यावर बोलायचो आणि निघायचो. शेवटी मनीषाच वैतागली. रेल्वेच्या परीक्षेचा अभ्यास करता करता एक दिवस तिनं आम्हा दोघांच्या फोनवर बुद्धिबळाचं ॲप टाकून दिलं. म्हणाली, "बोलत नाही ना, निदान खेळा तरी."

मी बुद्धिबळ शिकलो ते रनिंग रूममध्ये, म्हणजे ड्रायव्हर-गार्ड लोकांच्या विश्रांतीच्या जागी. तिथं देशभरातले लोक यायचे, त्यामुळे माझा खेळ पक्का, छापील नियमांचा. आप्पा शिकले गावच्या देवळात, जुन्या माणसांकडून, आपल्या जुन्या देशी नियमांनी. ॲपवर पहिल्याच डावात त्यांनी मला चांगलं कोंडीत पकडलं. माझ्याकडे राजा आणि एक प्यादं, त्यांच्याकडे राजा, हत्ती आणि घोडा. मी हरल्यातच जमा होतो. माझं प्यादं त्यांच्या हत्तीच्या तोंडात उभं होतं, पण ते काही त्याला मारीनात. ते सोडून माझ्या राजाच्याच मागं लागले. मी प्यादं सरकवत गेलो, सरकवत गेलो आणि त्याचा वजीर झाला. डाव मी जिंकला. लग्नातलं उसनं फेडल्यासारखं वाटलं, खोटं कशाला बोलू.

पाच मिनिटांत त्यांचा फोन आला. त्यांनी मला आपणहून केलेला तो पहिलाच फोन. "पाव्हणं, कुठं चुकलो?" मी म्हटलं, "आप्पा, ते प्यादं फुकट होतं, मारलं का नाही?" तर म्हणाले, "मारलं असतं तर बुर्जी झाली असती की." मग मला आठवलं. जुन्या नियमात समोरच्याचं शेवटचं मोहरं मारलं आणि राजा एकटा उरला की ती बुर्जी. डाव तिथंच सुटतो, पूर्ण विजय मिळत नाही. म्हणून जुने खेळाडू शेवटचं प्यादं जपून ठेवायचे आणि ते जिवंत असतानाच मात करायचे. मी म्हटलं, "तो नियम आता नाही आप्पा. आता एकट्या राजालाही मात करता येते." ते म्हणाले, "एकट्याला? त्यात कसला आलाय पुरुषार्थ." पण लगेच पुढं, "बरं. नियम हाय म्हंजी हाय. शिकू."

आणि ते शिकले, पण दोन वर्षं लागली. बोटं शेवटच्या प्याद्याशी आली की थांबायचीच. डोक्याला कळायचं, हाताला नाही. माझ्याशी असे किती डाव हरले असतील, गणती नाही. दुसरं त्यांना कधीच पटलं नाही ते म्हणजे समोरच्या राजाला शह नाही, पण हलायलाही जागा नाही, तर डाव बरोबरीत. "घर न्हाई, वाट न्हाई, म्हंजी हारलाच की तो. बरोबरी कशी म्हंता?" यावर मी तीन वेळा समजावलं आणि चौथ्या वेळी चिडलो. ते हसले. मी चिडलो की त्यांना बरं वाटायचं.

हरल्यावर माणूस कसा वागतो ते मी आप्पांकडे बघून शिकायला हवं होतं. मी हरलो की फोन गादीवर आपटतो. माझं रेटिंग खाली जाऊ नये म्हणून माझ्यापेक्षा कच्चे खेळाडू शोधून त्यांच्याशी खेळतो, हेही इथं कबूल करतो. आप्पा उलटे. ते मुद्दाम वरच्याशी खेळायचे. दहातले आठ डाव हरायचे. मी एकदा म्हटलं, "कशाला मार खाता?" तर म्हणाले, "कच्च्याला हारवून काय कळतंय? माजं कुठं चुकतंय ते वरचाच दावतो." कुठल्या देशाचा कोण जाणे, एक फार भारी खेळणारा त्यांना सापडला होता. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. त्याला ते मास्तर म्हणायचे. मास्तर हत्ती नि राजा घेऊन समोरच्या एकट्या राजाला पटाच्या कडेला कसा नेतो, ते आप्पा दुपारी गोठ्यासमोरच्या बाजेवर बसून पुन्हा पुन्हा लावून बघायचे. त्यांच्याकडे जुना लाकडी पट होता. एका उंटाच्या जागी मक्याचा दाणा. हरलेला डाव ते त्यावर शेवटापासून मागं मागं नेत. मला म्हणाले होते, "मात झाली ती चाल कवाच चुकीची नसती पाव्हणं. ती व्हनारच असती. चूक त्याच्या धा चाली आधी असती, आन् तवा ती चूक वाटत न्हाई."

त्यांच्या शिकण्याचं एकच उदाहरण सांगतो. शेवटी फक्त राजा आणि प्यादं उरलं, तर राजानं प्याद्याच्या पुढं चालायचं असतं, मागून ढकलायचं नसतं. हे मी त्यांना फोनवर अर्धा तास सांगितलं. ते ऐकून घेऊन म्हणाले, "म्हंजी दारं धरल्यावानी. पाण्याच्या म्होरं जाऊन वाफा मोडायचा." शेताला पाणी द्यायचं काम मी आयुष्यात केलेलं नाही, पण यापेक्षा नीट मलाही सांगता आलं नसतं. त्या दिवसानंतर त्यांचा राजा कधी प्याद्याच्या मागं राहिला नाही. आणि लग्नातल्या त्या वाक्याचा राग कधी गेला ते मला कळलंच नाही.

दसऱ्याच्या आधी मनीषा पास झाली. स्टेशन मास्तरची जागा. ट्रेनिंग भुसावळला, काही महिने तिथंच राहायचं. जावई सणसवाडीच्या कंपनीत, शिफ्टची नोकरी, आठवड्यातून एकदा घरी. सासूबाईंचे गुडघे गेलेले. सुनेनं एवढे दिवस घर सोडून जावं की नाही यावर भावकीत चर्चा झाली तेव्हा आप्पा म्हणाले, "ती जानार. धारा मी काढीन, भाकरी मी थापीन." खरंच थापल्या. जाड व्हायच्या, पण थापल्या.

दिवाळीनंतर एक दिवस ते न सांगता दौंडला माझ्या दारात उभे. एस.टी.नं आलेले, एकटेच. चार-पाच दिवस चालताना छातीत आवळल्यासारखं होत होतं. शिरूरला दाखवलं तर गावात कळेल म्हणून इकडे आले. मी त्यांना एका डॉक्टरांकडे घेऊन गेलो. तपासण्या झाल्या. डॉक्टर स्पष्ट बोलले. हृदयाच्या रक्तवाहिनीत नळी घालावी लागेल, आठवड्याच्या आत करा, लांबवू नका. आप्पांनी विचारलं, "तीन महिनं थांबलं तर?" डॉक्टर म्हणाले, "मी थांबा म्हणणार नाही." गोळ्या लिहून दिल्या. आम्ही घरी आलो. चहा झाला. मग त्यांनी मला शपथ घातली. "मनीषाला सांगू नका. पोरगी ट्रेनिंग सोडून येईल. बाईमानूस एकदा घरी बसलं की परत कोन सोडतंय? ऊस कारखान्याला जाऊ द्या, तिचं ट्रेनिंग हू द्या, मंग बघू."

मी काय म्हणायला हवं होतं ते कुणालाही कळेल. इथंच राहा आप्पा, मी एकटा माणूस आहे, मी बघतो सगळं, पोरीला यायचीही गरज पडणार नाही. एवढंच म्हणायचं होतं. पण त्या क्षणी मला काय वाटलं, ते लिहितो. मला बरं वाटलं. माझ्या मुलीची नोकरी वाचली, हे पहिल्यांदा मनात आलं. व्याह्यांची छाती त्याच्यानंतर आली. मी खाली बघितलं आणि म्हटलं, "बरं."

त्यानंतर आम्ही रोज खेळायचो. डाव संपला की मी विचारायचो, गोळी घेतली का. ते म्हणायचे, घेतली. मनीषाचा फोन आला की मी विचारायचो, आप्पा कसे आहेत, जसं काही मला माहीतच नाही. ती म्हणायची, बरे आहेत, तुमच्याशी खेळून तरुण झालेत. एकदोनदा जिभेवर आलं... गिळलं. अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर म्हणतात, तशातली गत. सांगावं तर शपथ मोडते, न सांगावं तर जिवाला स्वस्थता नाही.

संक्रांतीला मी न्हावऱ्याला गेलो. ठरवून गेलो होतो. बास झालं, आज आप्पांना सांगायचं, की तुम्ही नाही सांगितलंत तर मी संध्याकाळी मनीषाला फोन करणार. विहिरीवरून घरापर्यंत ते चालत आले तर दोनदा थांबले. बाजेवर बसले, दम घेतला आणि म्हणाले, "काडा फोन. आज तुमाला हारवतो." समोरासमोर बसलो होतो, लाकडी पट शेजारी होता, पण त्यांना ॲपवरच खेळायचं होतं. "रेटिंगात दिसलं पायजे, नंतर म्हनाल खेळलोच न्हाई." म्हणून एकाच बाजेवर, गुडघ्याला गुडघा लावून, आम्ही दोघं म्हातारे आपापल्या फोनमध्ये डोकं घालून बसलो. म्हटलं, हा डाव होऊ दे, मग बोलतो.

डाव लांबला. शेवटी त्यांच्याकडे राजा आणि हत्ती, माझ्याकडे राजा आणि एक प्यादं. मी निश्चिंत होतो. हे प्यादं ते मारणार नाहीत, मला पक्कं माहीत होतं. त्यांचं बोट आलं, थांबलं... आणि मारलं. मान वर करून माझ्याकडे बघितलं. "घेतलं बघा," म्हणाले. मग तो मास्तरचा हत्ती माझ्या राजाला एकेक पट्टी मागं रेटत गेला. कुठं घाई नाही, कुठं फुकटची बरोबरी नाही. मात. दोन वर्षांत ते मला पहिल्यांदा हरवत होते. त्यांनी विहीणबाईंना हाक मारून सांगितलं, रस्त्यानं जाणाऱ्या शेजाऱ्याला सांगितलं. शेजाऱ्याला म्हणाले, "पाव्हण्यांची गाडी आज लेट झाली." आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सुंभ जळतो पण पीळ जात नाही म्हणतात, तो हा. लग्नातलं सगळं एका क्षणात वर आलं. मी फोन खिशात घातला, तिळगूळ तोंडात टाकला, चहाला थांबलो नाही आणि चौफुल्याची गाडी पकडली. जे सांगायला गेलो होतो ते तसंच राहिलं. उद्या फोनवर बोलू म्हटलं. दुसऱ्या दिवशी त्यांचे दोन फोन आले, मी उचलले नाहीत. फुगलो होतो. मग बोललो, खेळलो, पण तो विषय काढायची वेळ निघून गेल्यासारखी झाली. आठव्या दिवशी मनीषाचा फोन आला.

ती दुपारच्या गाडीनं दौंडला उतरली. न्हावऱ्याला जाईपर्यंत जीपमध्ये एक शब्द बोलली नाही. मला वाटलं, दुःख आहे. दहाव्याला नदीवरून परत आल्यावर ती मला गोठ्याच्या मागं घेऊन गेली. "अण्णा, तुम्ही मला छातीतच ना असं का विचारलं?" खोटं बोलायला जागा होती. वय झालेलं माणूस, बहुतेकांचं तसंच होतं, असं म्हणता आलं असतं. मी तसं म्हटलं नाही. सगळं सांगितलं, डॉक्टरांसकट. शेवटी म्हणालो, "तुझ्यासाठीच केलं गं त्यांनी. आणि मीही." तिचा आवाज चढला नाही. म्हणाली, "माझ्या नावावर टाकू नका. मला विचारलं का कुणी? दोघांनी बसून ठरवलंत, की मी नोकरी निवडणार की आप्पा. मी दोन्ही केलं असतं. तुम्ही मला खेळूच दिलं नाहीत." चौदाव्या दिवशी ती भुसावळला परत गेली, ट्रेनिंग पूर्ण केलं. मला फोन केला नाही. मी केला तर, मी कामात आहे, एवढंच.

आप्पांच्या रीतीनं मी हा डाव मागं मागं नेत बसलो. आधी वाटलं, संक्रांतीला चुकलो. मग वाटलं, नाही, त्या डॉक्टरांकडून आल्यावर चहा पिताना खाली बघितलं तिथं. तीन महिने राहू द्या म्हणणारे आप्पा, आणि राहू द्या म्हटलेलं ऐकून सुटका झालेला मी. त्यांची चूक भोळी होती, जुन्या नियमाची; शेवटचं प्यादं सोडावं तसं त्यांनी दुखणं सोडून दिलं. माझी तशी नव्हती. मला नियम माहीत होता. हे मी तिला फोनवर सांगू शकलो नसतो, म्हणून इथं लिहून काढतोय. चार लोकांनी वाचलं तरी चालेल.

मागच्या आठवड्यात मी त्याच डॉक्टरांकडे गेलो. जिना चढताना मलाही हल्ली धाप लागते, हे मी कुणाला बोललो नव्हतो. तपासणी झाली, दोन दिवसांनी पाकीट हातात आलं. रस्त्यातच उभा राहिलो, कागद बाहेर काढले आणि न वाचता त्यांचे फोटो मनीषाला पाठवले. खाली लिहिलं, "मी अजून बघितलेलं नाही. आधी तू वाच." पाकीट तसंच पिशवीत घालून घरी आलो. संध्याकाळी उत्तर आलं. "वाचलं. घाबरण्यासारखं नाही, पण औषध सुरू करायचंय. रविवारी येते."

रविवारी ती आली. पिशवी ठेवली, पाणी प्यायली, गोळ्यांच्या वेळा कागदावर लिहून फ्रिजवर लावल्या. मग बाहेरच्या खोलीत उभी राहून विचारलं, "त्या दिवशी आप्पा कुठं बसले होते?" मी खिडकीजवळची वेताची खुर्ची दाखवली. तिथून यार्डातल्या गाड्या दिसतात, त्यांना आवडायचं. मनीषा त्या खुर्चीत बसली. हात खुर्चीच्या दांड्यांवर ठेवले. खिडकीबाहेर बघतच म्हणाली, "काय काय बोलले, सगळं सांगा. गाळू नका काही." मी तिच्या समोर खाली जमिनीवर बसलो, आणि ते दारात उभे होते तिथपासून सांगायला लागलो.